जोड-अभ्यासक्रम कसा चालवावा: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

लागणारं साहित्य: तीस विद्यार्थी, दोन प्राध्यापक, एक खोली आणि एकमेकांशी बोलायची तयारी. पहिल्या तीन गोष्टी मध्य प्रदेशात परसवाड्यापासून बालाघाटपर्यंत कुठेही मिळतात. चौथीसाठी ही पुस्तिका.

पायरी 1: समिती नेमा

समिती नेमली की निम्मं काम झाल्यासारखं वाटतं. तेवढं पुरे. अहवालाच्या पहिल्या पानावर इतिहास घाला. 1927 साली विस्कॉन्सिन विद्यापीठात अलेक्झांडर मेकलजॉन यांनी प्रायोगिक महाविद्यालय काढलं. तिथे सुटे विषयच नव्हते. सगळ्यांनी मिळून पहिलं वर्ष प्राचीन अथेन्स वाचायचं आणि दुसरं वर्ष अमेरिका. 1932 मध्ये ते बंद पडलं, हे अहवालात शेवटी लिहा. कल्पना मात्र जोड-अभ्यासक्रम म्हणून टिकली: त्याच मुलांनी दोन-तीन विषय एकत्र शिकायचे आणि त्या विषयांच्या शिक्षकांनी आखणी मिळून करायची.

आपल्याकडे कागदावर सोय झालेलीच आहे. मध्य प्रदेशने 2021-22 पासून पदवीला नवं शिक्षण धोरण लावलं. तेव्हापासून विद्यार्थ्याकडे मेजर, मायनर, ऐच्छिक, व्यावसायिक असे सगळे विषय असतात. ते एकमेकांना ओळखत नाहीत, एवढीच अडचण.

पायरी 2: विषय निवडा

रूढ पद्धत अशी, की ज्या दोघांचा तिसरा तास रिकामा, त्यांचे विषय जोडायचे. यातून ‘इतिहास आणि व्यक्तित्व विकास’ अशी जोडी निघते आणि वर्षभर कोणालाच काही सुचत नाही.

त्यापेक्षा एकट्या विषयाला न सुटणारा प्रश्न शोधा. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मग शेजारच्या बांधीत दुसरंच धान का? उशिरा पिकणारं वाण, उतारा कमी, हे वनस्पतिशास्त्र सांगेल. मानांकन मिळालं म्हणून भाव आपोआप चढत नाही, शेतकऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं, हे वाणिज्य सांगेल. वर्गात मूठभर चिन्नोर शिजवा. वास दाराबाहेर गेला की शेजारच्या वर्गातली मुलंही या अभ्यासक्रमात रस घेतील. मग दुकानातलं सुगंधी तांदळाचं पाकीट आणा आणि मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचायला लावा. ज्याच्या घरी चिन्नोर पेरतात तो मुलगा इथे पहिल्यांदा तोंड उघडेल. त्याला थांबवू नका.

दुसरी जोडी इतिहास आणि समाजशास्त्र. परसवाड्याच्या पठारावर पहिली गावं लछमन नाईक याने वसवली, अशी इंग्रजी काळातली नोंद आहे. ‘पहिली’ कोणाच्या हिशेबाने? बैगा आदिवासी त्या रानात बेवर करत होतेच. जंगल तोडून, जाळून राखेत पेरायचं आणि काही वर्षांनी पुढे सरकायचं, ही त्यांची शेती. फिरत्या शेतीचं गाव सरकारी नोंदीत बसत नाही. या एका वाक्यावर दोन विषयांचं पूर्ण सत्र निघतं.

पायरी 3: मुलं जमवा

दोन्ही तासांना तेच तीस चेहरे दिसले पाहिजेत. सुरुवातीला तेच तीन दिसतील. तत्त्वतः तेही चालतं.

पायरी 4: एकमेकांच्या तासाला बसा

सगळ्यात अवघड पायरी हीच, म्हणून बहुतेक पुस्तिकांतून ती गाळलेली असते. वनस्पतिशास्त्राच्या मॅडम शिकवत असताना वाणिज्याच्या सरांनी शेवटच्या बाकावर बसायचं. पहिल्या आठवड्यात मुलांना वाटेल, मॅडमची चौकशी लागली. दुसऱ्या आठवड्यात मॅडमनाही तसंच वाटेल. तिसऱ्या आठवड्यात सरांनी हात वर करून खरीखुरी शंका विचारावी. शिक्षकालाही न येणारं असतं, हे मुलांना त्या दिवशी कळतं. मग तीही विचारू लागतात.

पायरी 5: एकच काम द्या

दोन विषयांना मिळून एकच प्रकल्प चालतो हे कळलं, की तीस जणांना मिळूनही एकच चालेल असं मुलं गृहीत धरतात. यावर उपाय असा: प्रत्येकाने आपल्याच घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहायचं. तुमच्या लहानपणी बांधीत काय पेरायचे, कधी सोडलं, का सोडलं? घरची बोली पोवारी असो, गोंडी असो की मराठी, उत्तर आधी त्याच बोलीत उतरवायचं, हिंदी नंतर. आजीची नक्कल करता येते, पण शेजाऱ्याच्या आजीची उत्तरं आपल्या आजीच्या नावावर खपत नाहीत. मास्तरांना नसेल, पण गावाला दोन्ही आज्या माहीत असतात.

गुणपत्रिकेत रकाने मात्र दोनच राहतील. दोघांनी एकत्र बसून तपासा आणि गुण आपापल्या रकान्यात भरा. भांडण झालं तर उत्तम. याचा अर्थ दोघांनीही प्रकल्प वाचला.

जमलं की नाही, कसं ओळखावं?

वनस्पतिशास्त्राच्या तासाला कोणीतरी विचारेल, ‘मॅडम, पण याला भाव किती मिळतो?’ यावर ‘हे माझ्या पेपरात नाही’ असं उत्तर आलं नाही, तर जमलं. आलं, तर पायरी 4 पासून पुन्हा सुरू करा. समिती नव्याने नेमायची गरज नाही. जुनी अजून बसलेली असेल.