चि. खडीस, अनेक आशीर्वाद

चि. खडी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, गणपतीला गावी जाताना माणगावच्या अलीकडे तू पुढच्या डंपरमधून उडालीस आणि थेट आमच्या काचेवर येऊन टेकलीस. 2011 पासून रुंदीकरण चाललेल्या महामार्गाची तू लेक. रस्त्यात बसायचा मुहूर्त काही लागेना, म्हणून आमच्याकडे आलीस. माझा राग नाही.

काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली. त्यामुळे ती अंगावर कोसळली नाही. टिकलीएवढा टवका उडाला होता. तेव्हाच रेझिन भरून घेतलं असतं तर कदाचित भागलं असतं. पण मूर्ती आणायची होती. परतीच्या खड्ड्यांनी त्या टिकलीचा हातभर तडा केला.

तरी मी निर्धास्त! विमा नुसता थर्ड पार्टी नव्हता, चांगला सर्वसमावेशक होता. पॉलिसी आयुष्यात प्रथमच वाचली. काचेला घसारा शून्य! डोळे भरून आले. मग पुढचं वाचलं. रबर-प्लास्टिकला घसारा 50 टक्के. 1500 सीसीपर्यंतची गाडी, म्हणून क्लेममधले पहिले 1,000 रुपये माझे. काच चिकटवायचा गोंद ‘कन्झ्युमेबल’, तोही माझा. थोडक्यात, काच कंपनीची, चिकटवायची मी.

बिल 7,500 रुपयांचं, कंपनी देणार 6,000. म्हटलं, हेही नसे थोडके. तेवढ्यात एजंट कानाशी लागला, “काका, क्लेम करू नका!”

पाच वर्षं क्लेम केला नाही, म्हणून माझा नो क्लेम बोनस 50 टक्क्यांवर पोचला होता. एक क्लेम केला की तो शून्य. मग 20, 25, 35, 45 अशा पायऱ्या चढत सहाव्या वर्षी पुन्हा 50. गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता दरवर्षी 8,000 धरला, तर जादा भरायचे 4,000, 2,400, 2,000, 1,200 आणि 400. बेरीज 10,000! सहा घ्यायचे, दहा द्यायचे. बोनस वाचवणारं वेगळं अ‍ॅड-ऑन मिळतं म्हणे. म्हणजे काचेचा विमा, आणि त्या विम्याचा विमा.

शेवटी खिशातून पैसे भरले. जुन्या काचेबरोबर फास्टॅगही गेला. तो सोलून नव्या काचेवर लावायची सोय नाही, नवा काढला. त्याचेही पैसे माझेच. विम्याला मात्र ओरखडासुद्धा नाही.

तेव्हा बाळे, पुढच्या गणपतीला येशीलच. फक्त एकटी येऊ नकोस, भावंडांना घेऊन ये. दिवे, बॉनेट, टप, सगळं एकदम होऊ दे. निदान क्लेम करायला परवडेल एवढं तरी नुकसान कर.

तुझा,
नो क्लेम काका