मावळातले नेट

घरगुती इंटरनेटचे प्रकार पुण्यात वेगावरून ओळखतात, मावळात पावसावरून. तांब्याच्या टेलिफोन तारेवरचे एडीएसएल कागदावर २४ एमबीपीएसपर्यंत जाते. एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरवर त्याची गोगलगाय होते आणि जोडात पाणी शिरले की ती शंखात जाते. फायबरला पाण्याचे भय नाही. केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. अर्थात वाटेत खांबावर पडलेली फांदी किंवा गटार खणणारा जेसीबी भेटला नाही तर. वीज गेली की धागा शाबूत राहतो, घरातला डबा तेवढा विझतो. फाइव्ह-जीच्या बिनतारी जोडणीला टॉवर समोर लागतो, आणि पवन मावळात समोर बहुधा तुंग किंवा तिकोना किल्ल्याचा डोंगर असतो. शिवाय शनिवारी भुशी डॅमवरून भिजलेल्या पाहुण्यांचे व्हिडिओ त्याच टॉवरवरून निघतात. ३५,७८६ किलोमीटरवरचा भूस्थिर उपग्रह डोंगर जुमानत नाही. त्याच्याकडून उत्तर यायला अर्धा सेकंद लागतो इतकेच. मुसळधार पावसाने मात्र त्याचाही संदेश क्षीण होतो, आणि लोणावळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये दुसरे काही पडत नाही. भाड्याच्या बंगल्यांच्या पाटीवर या सगळ्यांना एकच नाव असते: ‘फ्री वायफाय’.