निजायला कोणता काठ?

कॅनडाची राजधानी ओटावा ऑन्टारियो प्रांतात येते आणि नदीपलीकडचं गाटिनो क्युबेक प्रांतात. सरकारी कचेऱ्या दोन्ही काठांवर असल्याने नोकरी कुठलीही असो, पुलावरून ये-जा करता येते. रात्री पाठ कुठे टेकायची एवढाच प्रश्न उरतो. दोन्ही प्रांतांचे कायदेही नेमकं तेवढंच विचारतात.

गाटिनो आधी भुरळ घालतं, कारण तेवढ्याच पैशांत तिथे सहसा एखादी खोली जास्त मिळते. वीजही स्वस्त. त्या जास्तीच्या खोलीत काय ठेवायचं, हे वर्ष सरलं की कळतं: कागद. ३१ डिसेंबरला माणूस ज्या प्रांताचा रहिवासी, त्या प्रांताचा प्राप्तिकर त्याला लागू होतो. ऑन्टारियोवाल्याचं एका विवरणपत्रात भागतं. क्युबेकवाला एक केंद्राला भरतो, दुसरं प्रांताला. क्युबेकचा कर चढा आहे. केंद्र आपल्या करात १६.५ टक्के सूट देतं खरं, पण ती धरूनही बेरीज बहुधा वरचढच राहते.

खरेदीचं काम ओटावात वकील पाहतो, गाटिनोत नोटरी. हा नोटरी म्हणजे कोर्टाच्या आवारात टेबल टाकून शिक्के मारणारे गृहस्थ नव्हेत. खरेदीखत लिहिणारा आणि नोंदवणारा तो रीतसर कायदेपंडित असतो. घर नावावर झालं की हस्तांतरणाचा कर येतो. तो ऑन्टारियोतही आहे, पण तिथे व्यवहाराच्या वेळीच वसूल होतो आणि पहिलं घर घेणाऱ्याला ४,००० डॉलरपर्यंत माफीही मिळते. क्युबेकमध्ये नगरपालिका मागाहून, म्हणजे वास्तुशांतीची मंडळी जेवून गेल्यावर, बिल पाठवते. लोक त्याला ‘स्वागत कर’ म्हणतात.

मुलं लहान असतील तर पारडं पुन्हा फिरतं. क्युबेकने १९९७ मध्ये दिवसाला ५ डॉलरची पाळणाघरं सुरू केली. पुढे दर वाढला, तरी नाव यायची आशा आईबाप सोडत नाहीत. शाळेची गोष्ट वेगळी. १९७७ च्या भाषा कायद्याने सरकारी पैशावरच्या शाळेत मुलाला फ्रेंचमधून शिकावं लागतं. आई किंवा बाप कॅनडात इंग्रजीतून शिकलेला असेल तर सुटका. पुण्यातल्या इंग्रजी माध्यमाचा दाखला, डोनेशन कितीही भरलेलं असो, इथे चालत नाही.

नवराबायकोसाठीही काठ महत्त्वाचा. १९८१ पासून क्युबेकमध्ये लग्न झालेली बाई कायद्याने माहेरच्याच नावाने वावरते. ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं नाव तिथल्या दफ्तरात शिरणार नाही. आजारीही जपूनच पडावं. क्युबेकचं आरोग्यपत्रक ओटावातले पुष्कळ डॉक्टर घेत नाहीत. फी आधी रोख मोजायची, मग क्युबेककडे परतावा मागायचा, आणि तोही क्युबेकच्या दराने.

किरकोळ बाबींत, गाटिनोत १ डिसेंबर ते १५ मार्च गाडीला हिवाळी टायर सक्तीचे असतात. २००८ पर्यंत तिथे पिवळं मार्गारिन विकायलाही बंदी होती, लोण्याशी गल्लत नको म्हणून.

एक कलम मात्र घर पाहताना कोणी विचारत नाही. दारू विकत घ्यायचं वय ऑन्टारियोत १९, क्युबेकमध्ये १८. त्याचा उलगडा ओटावातल्या घराचे निम्मे हप्ते फिटल्यावर होतो, जेव्हा अठरा पूर्ण झालेले चिरंजीव रोज संध्याकाळी ‘पुलावर जरा वारा खाऊन येतो’ म्हणू लागतात.