कॅन्सरची माणसं मोजायला शिका: नवशिक्यांसाठी

साहित्य: दोनशे पानी वही, पेन्सिल, खोडरबर आणि दिवसाला पंधरा कप चहा पचवणारं पोट. गाव कोणतंही चालेल. आपण वडनेर भोलजी घेऊ, तालुका नांदुरा, महामार्गावरचं.

पहिल्याच घरी ‘तुमच्याकडे कोणाला कॅन्सर आहे का?’ असं विचारू नका. उत्तर ‘नाही’ येईल आणि पुढच्या घरी तुमच्याआधी तुमची बातमी पोचेल. गावात कॅन्सर कुणालाच नसतो. कुणाला ‘जराशी गाठ हाये’, कुणाच्या तोंडातला चट्टा बसत नाही, कुणाचा ‘तुकडा तपासाले पाठोला’. म्हणून आजार विचारू नका, प्रवास विचारा. अकोला, नागपूर, किंवा मलकापूरहून गाडी धरून परळचं टाटा. दर महिन्याला पिशवीत फायली घेऊन निघणारा माणूस लपत नाही. महात्मा फुले योजनेचे कागद निघाले, की निदानही निघतं.

पुढचा धोका, एकच माणूस तीनदा मोजण्याचा. एका कागदावर बाई माहेरच्या नावाने, दुसऱ्यावर सासरच्या, तिसऱ्यावर आडनावाचं स्पेलिंगच भलतं. फायली तीन, बाई एक. उलट सुरतेला कामाला असलेला मुलगा आजारपणात घरी आला, तर तो कुठला? कॅन्सर नोंदणीचा नियम सांगतो, निदानाआधी किमान वर्षभर इथे राहिलेला तोच इथला. हा नियम त्याच्या आईला समजावायला जाऊ नका.

अशक्य वाटतंय? बार्शीत हे 1987 पासून चालू आहे. मुंबईची नोंदणी 1963 ची, देशातली पहिली. ती रुग्णालयांतले कागद गोळा करायची. बार्शीवाल्यांनी ओळखलं, की खेड्यातला रुग्ण रुग्णालयात पोचेलच असं नाही. मग त्यांचे कार्यकर्तेच बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतल्या गावोगावी जाऊ लागले. देशातली ही पहिली ग्रामीण नोंदणी.

मात्र अशा वह्यांत मुख्यतः नवे रुग्ण असतात. आज किती जण आजारासह जगताहेत, हा हिशेब निराळा. तो एसटीच्या थांब्यावर शिकावा. तासाला दहा प्रवासी येतात, प्रत्येक जण अर्धा तास थांबतो, तर कधीही पाहा, साधारण पाच जण उभे दिसतील. बस उशिरा आली की गर्दी वाढते, प्रवासी तेवढेच असले तरी. एरवी एसटीच्या उशिराचं कौतुक कुणी करत नाही, इथे करावं. उपचार चांगले झाले, माणसं जास्त वर्षं जगली, की हा आकडा फुगतो. तेव्हा ‘गावात कॅन्सर वाढला’ असं पारावर जाहीर करण्याआधी थांबा.

आता दारोदार न फिरता उत्तर काढू. 2022 च्या जागतिक अंदाजानुसार, आधीच्या पाच वर्षांत निदान झालेले आणि हयात असलेले भारतीय सुमारे 32 लाख 60 हजार. लोकसंख्या 142 कोटी धरली, तर लाखाला 230. दहा हजारांच्या गावात तेवीस. खूश होऊ नका. देशाच्या जेमतेम दहा टक्के लोकसंख्येवर नोंदणी असताना बेतलेला हा अंदाज आहे; त्यातही बार्शीकडचं प्रमाण मुंबईपेक्षा बरंच कमी, मग तेवीस कसले, बारा-पंधराही असतील. इतक्या लहान आकड्यात चार-पाच इकडेतिकडे निव्वळ योगायोगानेही होतात. शिवाय नऊ वर्षांपूर्वी स्तनाचं ऑपरेशन होऊन आज कापूस वेचणारी बाई या तेवीसमध्ये नाहीच. तिची पाच वर्षं कधीच संपली. तिला विचारा, दर वर्षी तपासणीला जाताना तिची झोप उडते की नाही ते. मी तर तिला मोजीन.

वहीचा शेवटचा रकाना ‘आज हयात’ असा ठेवा. तो पेन्सिलीनेच भरा, आणि पुढच्या वर्षी चहाला परत जा.