रविवारचा रिव्ह्यू

“तुम्ही ख्रिश्चन? पण मराठी अगदी छान बोलता हो!”

एरंडोलच्या एका कृषी सेवा केंद्रात हे सर्टिफिकेट मिळालं, तेव्हा देणारे शेठ स्वतः गिऱ्हाइकाशी अस्सल अहिराणीत भांडत होते. घेणारा पोरगा नवापूरकडचा. आडनाव गावित, घरात बोली मावची, शाळा मराठी. केळीची खतं आणि टॉनिकं विकतो. एरिया धुळे-जळगाव.

फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये सुरू झालं. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं. मराठीतल्या पहिल्या कादंबरीचा वाद निघाला की त्याचं नाव निघतंच. रेव्हरंड टिळकांच्या कविता आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचून कितीतरी पिढ्या वाढल्या. एवढा स्टॉक चारशे वर्षं बाजारात असूनही शाबासकी काय, तर मराठी छान बोलता.

पोरगा काय म्हणाला? “थँक्यू शेठ. दहा पेट्या लिहू?”

महाराष्ट्रात ख्रिस्ती किती? २०११ च्या जनगणनेत १०.८ लाख. शंभरात एक म्हटलं तर तोही पुरता भरत नाही. त्यातले बरेच मुंबई-वसईकडे. खान्देशात पाहायचे तर नवापूर, चिंचपाडा, नंदुरबारच्या पट्ट्यातले आदिवासी आणि भुसावळसारख्या रेल्वेच्या गावांतली जुनी घरं. तरी धर्म बुडायला निघालाय तो म्हणे या पोरांमुळेच.

एका माणसावर एवढं टार्गेट तर कंपनीनंही कधी टाकलं नाही.

“तुम्हाला बाहेरून पैसे येतात ना?” हा दुसरा ठरलेला प्रश्न. तो विचारला जातो पारोळ्यात, मे महिन्यात, भर दुपारी. समोर डोक्याला ओला रुमाल बांधलेला, मोटरसायकलच्या सीटनं भाजून निघालेला पोरगा. पैसे येत असते, तर तो मे महिन्यात पारोळ्यात कशाला आला असता?

तिसरा टोमणा आरक्षणाचा. अनुसूचित जमातीच्या दाखल्याला कायद्यात धर्माची अट नाही, हे सांगून तो थकला. बरं, त्याची नोकरी खासगी कंपनीतली, तीही सेल्सची. त्या नोकरीत राखीव असतं ते एकच: साहेबांच्या शिव्या ऐकण्याची जागा.

धुळ्यात देवपूरला खोली शोधताना मजा झाली. काका म्हणाले, “आडनाव चांगलं आहे. पण घरात मटण शिजवलेलं चालणार नाही.” खान्देशात! जिथं काळ्या मसाल्याच्या वासावर माणूस अंधारात ढाबा शोधतो! पोरानं मान डोलावली. पुढच्याच रविवारी काका हायवेच्या ढाब्यावर दिसले. समोर हंडी होती. दोघांनी एकमेकांना ओळखलं नाही.

आता कामाचं बोलू. रविवारी सकाळी साडेनऊला उपासना. रविवारी सकाळी दहाला साहेबांचा ऑनलाइन रिव्ह्यू. का? तर “बाकीचे सहा दिवस तुम्ही फील्डवर असता.” देवानं सहा दिवस काम करून सातव्या दिवशी विसावा घेतला, हे बायबलच्या पहिल्याच पुस्तकात आहे. साहेबांनी पुस्तक तिथंच मिटलं असावं.

सो पोरगा मागच्या बाकावर बसतो. एका कानात पाळक, एका कानात साहेब. पाळक विचारतात, “आठवडाभरात काय काय चुकलं?” साहेब विचारतात, “आठवडाभरात काय काय चुकलं?” फरक एवढाच की पाळकांकडे क्षमेची सोय आहे.

कंपनीची वर्षाची किक-ऑफ मीटिंग हायवेवरच्या हॉटेलात. ढणाढणा संगीत, हात वर, डोळे मिटून “मी करू शकतो” असं तीनदा ओरडायचं. मग मागच्या वर्षीचा टॉपर स्टेजवर येऊन गळा दाटून सांगतो की आपण आधी कसे वाया गेलो होतो आणि या कंपनीनं आपल्याला कसं उभं केलं. शेजारचा सहकारी पोराच्या कानात म्हणाला, “भारी वाटतं ना?” पोरगा म्हणाला, “आमच्याकडे हे दरवर्षी मंडपात असतं. फक्त आमचे लोक सुरात गातात.”

चर्चलाही मोकळं सोडायला नको. “तू सेल्समध्ये आहेस ना रे?” म्हणत कमिटीनं मेळाव्याच्या जेवणाची पावतीपुस्तकं त्याच्याच हातात दिली. प्रभूच्या घरीही टार्गेट! आणि साक्ष द्यायला उभं कोण राहतं? ज्याला प्रमोशन मिळालं तो. इन्सेंटिव्ह बुडाल्याची साक्ष अजून कुणी दिलेली ऐकिवात नाही.

दशांश कशावर द्यायचा, हा वेगळाच चर्चासत्राचा विषय. बेसिकवर? हातात येतो त्यावर? इन्सेंटिव्ह धरून? पाळक म्हणाले, “सगळ्यावर.” “पेट्रोलच्या पैशावरसुद्धा?” पाळक विचारात पडले. ते स्वतः त्याच्याच मागं बसून पुढच्या गावी निघाले होते.

पेट्रोलवरून आठवलं. प्रवासभत्त्याचं बिल हा सेल्समधला खरा सर्जनशील साहित्यप्रकार. माणूस पारोळ्यापर्यंत जातो आणि बिल अमळनेर, चोपडा, यावल फिरून येतं. हा पोरगा गाडीच्या काट्यावर दिसेल तेवढंच लिहायचा. कौतुक झालं? छे! बाकीच्या टीमनं त्याला चहाच्या टपरीवर घेरला. “तुझं बिल बघून साहेब आमची बिलं तपासायला लागले. देवाचं भय आहे ना तुला? मग आमच्या पोरांच्या फीचा विचार कर.”

खोटं बोलणाऱ्याला टीम सांभाळून घेते. खरं बोलणारा महागात पडतो.

आणि शिरा! डीलरच्या नव्या दुकानात सत्यनारायण. सगळ्या कंपन्यांचे प्रतिनिधी हजर, ऑर्डर पूजेनंतर. प्रसाद घ्यायचा की नाही? मूर्तीपुढं ठेवलेलं अन्न खावं का, यावर पौलानं करिंथच्या मंडळीला सविस्तर लिहिलंय. सार असं की अन्नात काही नसतं, पण दुसऱ्याचं मन दुखवू नका. दुसरा म्हणजे कोण, यावर मंडळ्यांची आजही दोन मतं आहेत. डीलरला पौल ठाऊक नाही. त्याला दिसतो तो फक्त न घेतलेला द्रोण. पोरानं खाल्ला. घरी फोन करून आईला सांगितलंही. आईनं पंथाचं काहीच विचारलं नाही. “साजूक तुपातला होता का?” एवढंच विचारलं.

पण या पोराची खरी परीक्षा शिऱ्यात झाली नाही. ती झाली सावद्याच्या एका काउंटरवर.

पावसाळ्याचे दिवस. रावेर-यावलच्या केळीत सीएमव्ही शिरलेला. शेतकरी त्याला हरण्या म्हणतात. एक आप्पा पिशवीतून पान घेऊन आले. कोवळं पान, त्यावर पिवळे पट्टे, कड दुमडलेली. काउंटरवर पान पसरून ते नुसते उभे राहिले. डीलरनं पोराकडं बघितलं. बघणं म्हणजे काय, डोळ्यांनी लिहिलेलं बिलच: तुझी बाटली आहे, माझं मार्जिन आहे, आप्पांच्या खिशात पैसे आहेत. “साहेब, यावर तुमचं टॉनिक चालतं ना?”

चालतं म्हणायला काय लागतं? झाड चार दिवस हिरवं दिसलं की आप्पा खूश. पुढं मेलं तर पावसाला दोष देता येतो, रोपाला देता येतो, सरकार तर कायमचं आहेच.

“आप्पा, हा व्हायरस आहे. याला औषध नाही. माझं नाही, कुणाचंच नाही. पट्टे दिसतील ती झाडं उपटून गाडा. मावा आवरा, तोच रोग पसरवतो. आणि बांधावर काकडी-भोपळ्याचे वेल असतील तर काढून टाका.”

आप्पांनी पान परत पिशवीत घातलं. एक बाटलीही न घेता गेले.

तुम्हाला वाटलं असेल, आता आप्पा गावभर सांगतील, हा साहेब खरं बोलतो, आणि महिन्याभरात ऑर्डरींचा पाऊस पडेल. असल्या गोष्टी किक-ऑफ मीटिंगच्या स्लाइडवर घडतात. आप्पा पलीकडच्या दुकानात गेले. तिथं त्यांना टॉनिक मिळालं. दोन बाटल्यांवर एक टोपी फुकट.

डीलर त्यानंतर महिनाभर पोराला “पास्टर” म्हणून हाक मारत होता. ऑर्डर मागितली की म्हणायचा, “पास्टर, प्रार्थना करा, येईल.”

साहेबांनी विचारलं, “सेल का घालवलास?” पोरानं खरं कारण सांगितलं. साहेब गप्प झाले. मग म्हणाले, “व्हायरसवर चालतं असं म्हणायचं नव्हतं. ताकद देतं एवढंच म्हणायचं होतं.” कंपनीच्या धर्मशास्त्रात खोटं बोलणं आणि खरं न सांगणं ही दोन वेगळी पापं आहेत. दुसऱ्यावर इन्सेंटिव्ह आहे.

बायबल सेल्सच्या माणसाला तसं सोयीचं पुस्तक नाही. मालकानं दिलेलं भांडवल जमिनीत पुरून ठेवणाऱ्या नोकराचा दाखला साहेबांना फार आवडेल. नो ग्रोथ, बाहेर काढला. पण त्याच मत्तयात द्राक्षमळ्याचा दाखलाही आहे. सकाळी सहाला आलेल्याला आणि दिवस मावळता मावळता आलेल्याला मजुरी सारखीच! ही स्कीम कुठल्या एचआरनं मंजूर केली असती? आणि मत्तय स्वतः कोण? जकात वसूल करणारा. बोलावणं आलं तसा नाक्यावरून उठून चालू लागला. हँडओव्हर नाही, नोटीस पिरियड नाही.

पोरगा म्हणतो, “त्याच्या बाइकचा हप्ता नव्हता.”

लग्नाचंही बघणं चाललंय. मुलगी नर्स, पगार कायम. मुलगा सेल्समध्ये, पगार व्हेरिएबल. मुलीच्या मामांनी विचारलं, “बाप्तिस्मा झालाय ना?” झालाय. “दारू?” नाही. “उपासना चुकवत नाही ना?” नाही. “मागच्या क्वार्टरला किती टक्के झालं?” मामा विम्यात आहेत.

२०२४ चा मार्च या पोराला विचारा. २९ तारखेला गुड फ्रायडे आणि ईस्टर नेमका ३१ ला. रविवार, आणि वर्षाचं क्लोजिंग! सरकारी व्यवहार करणाऱ्या बँकासुद्धा त्या रविवारी उघड्या ठेवायला रिझर्व्ह बँकेनं सांगितलं होतं. गुड फ्रायडेची राज्यात सार्वजनिक सुट्टी असते. पण सार्वजनिक म्हणजे सेल्सवाले सोडून. शुक्रवारी दुपारी तीन तासांच्या उपासनेत त्याचा फोन खिशात सतत थरथरत होता. शेजारच्या आजींना वाटलं, पोराला देवाचा स्पर्श झाला.

रविवारी पहाटे पुनरुत्थानाची उपासना, चहा, बिस्किटं. नऊ वाजता पोरगा जळगावच्या डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात. कुणालाही नको असलेला माल शटरच्या आत ढकलायचा, बिल ३१ मार्चचं फाडायचं, टार्गेट पूर्ण. डिस्ट्रिब्युटर कुरकुरतो, साहेब फोनवर शपथ घेतात, “एप्रिलमध्ये परत उचलू.” आणि खरंच, ३१ मार्चला गाडलेला माल एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात सेल्स रिटर्न होऊन उठतो. यावर मात्र सगळ्या कंपन्यांचा अढळ विश्वास आहे.

या ढकलाढकलीत त्याचाही हात होता का? होता. आप्पांना खरं सांगितलं तेव्हा बुडाली दोन बाटल्यांची विक्री. इथं बुडाला असता अख्ख्या वर्षाचा इन्सेंटिव्ह. विवेकालाही स्लॅब असतात.

दुपारी साहेबांचा मेसेज आला. वर सशाचं आणि रंगीत अंड्यांचं चित्र, “हॅपी ईस्टर टीम!” खाली लगेच, “पेंडिंग ९ लाख, संध्याकाळी ५ पर्यंत.” ससा कुठून आला, हे नवापूरच्या पोराला आजवर कळलेलं नाही.

पुढचा घोळ २०२७ मध्ये. गुड फ्रायडे २६ मार्च, ईस्टर २८. पोरानं रजेचा अर्ज आत्ताच टाकलाय. साहेबांनी तो वाचला, तारीख बघितली, हसले आणि म्हणाले, “तोवर तू इथं असशील का?”

पोरानं विचारलं, “सर, तुम्ही?”