हयात आहात ना?

ईपीएस-९५, म्हणजे कारखान्यात, गिरणीत, खासगी कंपनीत राबलेल्यांची पेन्शन. तिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये दरमहा १,००० रुपये ठरली आणि तिथेच ठाण मांडून बसली. महागाई भत्ता जोडलेला नसल्यामुळे तूरडाळ आणि बीपीची गोळी कुठवर पोचली, हे तिच्या कानावरच जात नाही.

दरवर्षी हयातीचा दाखला मात्र द्यावा लागतो. काही आजोबांना तो अपमान वाटतो. मला त्यात सरकारचं निखळ कुतूहल दिसतं: हजारात महिना काढून हा माणूस अजून जिवंत कसा? कारखान्यातल्या यंत्रावर घासून बोटांचे ठसे पुसट झाले, की दाखल्याचं मशीन त्यांना ओळखायचंच नाकारतं. आता मोबाइलवर चेहरा दाखवायचीही सोय झालीय. मोबाइल ज्याचा त्याने आणायचा, अर्थात हजारातूनच.

पेन्शनरांची मागणी ७,५०० रुपये आणि महागाई भत्त्याची. त्यासाठी दिल्लीत धरणं धरावं म्हटलं, तर रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद. मुंबईहून स्लीपरने जाऊन-येऊनच महिन्याची पेन्शन खलास, वडापाव उधारीवर.