टिकाऊ लॅपटॉप आणि उघडणारा लॅपटॉप

टिकाऊपणा म्हणजे लॅपटॉप लवकर न बिघडणे आणि दुरुस्तीयोग्यता म्हणजे बिघडल्यावर तो उघडून नीट करता येणे. ग्राहक या दोहोंपैकी कशाचीच चौकशी करत नाही. तो पातळपणा पाहतो.

टिकाऊपणासाठी जाहिराती ‘मिल-एसटीडी-८१०’ या अमेरिकी लष्करी मानकाचा दाखला देतात. त्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या, हे कंपनीच ठरवते. तरीही खरेदीदाराची छाती फुगते. प्रस्तुत लेखकाचे असे एक लष्करी यंत्र सध्या सोफा आणि जेवणाच्या टेबलादरम्यानच्या सरहद्दीवर तैनात आहे.

२०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये रॅम बोर्डावर सोल्डर केलेली होती, बॅटरी चिकटवलेली. उपकरणे उघडून त्यांची दुरुस्तीयोग्यता जोखणाऱ्या ‘आयफिक्सिट’ने दुरुस्तीसाठी त्याला १० पैकी १ गुण दिला. मात्र सोल्डर केलेला जोड सॉकेटसारखा सैल होत नाही, हेही खरेच.

स्क्रूंबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. अ‍ॅपलच्या स्क्रूला पाच पाकळ्या असतात, त्यामुळे घरातला पेचकस पहिल्याच फेरीत बाद होतो. इतर कंपन्यांचे काही स्क्रू रबरी पायांखाली दडलेले असतात. त्यांची लांबीही सारखी नसते. आखूड स्क्रूच्या जागी लांब बसवला, तर तो आत काहीतरी फोडू शकतो. सगळे बसवून झाल्यावर एक उरतोच. तो कुठला, हे न विचारता डबीत टाकण्याची घरोघरी रीत आहे.

स्क्रूंच्या आतला बोर्ड शॉर्ट झाला, की सर्व्हिस सेंटरमध्ये बहुधा एकच उत्तर मिळते: ‘मदरबोर्ड बदलावा लागेल.’ मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातला कारागीर त्याच बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावतो आणि बेताने व्होल्टेज देतो. शॉर्ट झालेला भाग तापतो, तिथले अल्कोहोल आधी उडते. तो भाग, बहुधा एखादा कपॅसिटर, काढला, की पुष्कळदा बोर्ड जिवंत होतो. हे काम तो सहसा कंपनीच्या सर्किट आकृतीविना करतो, कारण बहुतेक कंपन्या ती बाहेर देत नाहीत. एवढ्या हुशारीला अंधारात चाचपडायला लावणे हा निव्वळ आडमुठेपणा आहे.

टिकाऊपणा आणि दुरुस्तीयोग्यता हे दोन्ही गुण एकत्र नांदू शकतात. २०१८ च्या दणकट थिंकपॅड टी४८० ची मागची बॅटरी हाताने निघते, रॅमला दोन स्लॉट आहेत.

खरेदीपूर्वी दुकानदाराला रॅम, एसएसडी आणि बॅटरी बदलता येते का, ते विचारावे. रॅम सोल्डर केलेली असेल, तर पहिल्याच दिवशी जास्तीची घ्यावी. नंतर वाढवता येत नाही.